अधिकाऱ्याने अधिकाराचा गैरवापर केला, तर कोर्टात दाद कशी मागायची

परवाना रद्द झाला, फेरफार अडवून ठेवला, बांधकाम पाडले, रात्रभर ठाण्यात बसवून ठेवले. अशा वेळी तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘साहेबांवर केस टाकतो’ हेच. पण केस टाकण्याचे मार्ग अनेक आहेत. प्रत्येकाची मुदत वेगळी, पुराव्याची अपेक्षा वेगळी आणि हाती पडणारे फळही वेगळे. मार्ग चुकला की खऱ्या तक्रारीचीही वर्षे वाया जातात. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढा. हे करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने दिला होता? तो कशासाठी दिला होता? आणि प्रत्यक्षात तो कशासाठी वापरला गेला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्याच नाही’ असे आले, तर तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे. तिथे अधिकाऱ्याच्या मनात काय होते हे सिद्ध करावे लागत नाही. अधिकार होता पण नोटीस दिली नाही, म्हणणे ऐकून घेतले नाही, कारणे लिहिली नाहीत, तर नैसर्गिक न्यायाचा भंग होतो. तिथेही हेतूचा प्रश्न येत नाही. अधिकार होता, पद्धतही कागदोपत्री पाळली, पण हेतू सूड घेण्याचा किंवा कुणाचा तरी फायदा करून देण्याचा होता, असे म्हणायचे असेल तर ती दुर्भावना झाली आणि ती सिद्ध करणे सर्वांत कठीण. राग माणसावर असतो म्हणून बहुतेक तक्रारी नेमक्या इथून सुरू होतात. याचिकेत क्रम उलटा ठेवा: आधी अधिकारकक्षा, मग पद्धत, शेवटी हेतू. पहिल्या दोन मुद्द्यांवर आदेश रद्द झाला तर तिसऱ्यात शिरण्याची कोर्टाला गरजच उरत नाही, आणि तुमचे काम झालेले असते.

आणखी एक प्रकार हमखास नजरेतून सुटतो: वरून आलेल्या सांगण्यावरून काढलेला आदेश. मुंबईत अंधेरीला चित्रपटगृह बांधण्याची परवानगी पोलीस आयुक्तांनी आधी दिली आणि नंतर सरकारच्या सांगण्यावरून काढून घेतली. ‘पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोरधनदास भानजी’ या खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायद्याने अधिकार आयुक्तांना दिला असेल तर निर्णय आयुक्तांनी स्वतःच्या बुद्धीने घ्यायला हवा. तुमच्या आदेशात ‘वरिष्ठांच्या निर्देशानुसार’ किंवा ‘मा. मंत्री महोदयांच्या सूचनेप्रमाणे’ असे शब्द दिसले तर त्यांखाली रेघ मारून ठेवा. तो शिष्टाचाराचा मजकूर वाटतो, पण कोर्टात तोच तुमचा मुख्य मुद्दा ठरू शकतो.

कागद गोळा करणे

असे खटले साक्षीदारांपेक्षा नस्तीवर, म्हणजे सरकारी फाइलवर, जास्त ठरतात. सर्वांत आधी आदेशाची प्रत मिळवा. जावक क्रमांक, तारीख, उल्लेखलेले कलम, दिलेली कारणे, सहीखालचे पदनाम आणि अपिलाची टीप, अशा सहा गोष्टी त्यात तपासा. आदेश तोंडी असेल तर त्याच दिवशी पत्र द्या: ‘आज सकाळी अमुक वाजता आपण मला असे सांगितले, तसा लेखी आदेश द्यावा.’ आवक शाखेत दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नका. तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. पोस्टाचा पोहोच-अहवाल लगेच छापून ठेवा, कारण तो संकेतस्थळावर कायम राहत नाही.

आदेशातली कायदेशीर उणीव मात्र पत्राने दाखवून देऊ नका. ‘तुम्ही कारणेच दिलेली नाहीत’ असे लिहिले की आठ दिवसांत कारणे असलेला सुधारित आदेश येतो. मोहिंदर सिंग गिल खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला नियम इथे तुमच्या कामाचा आहे: आदेशाचे समर्थन आदेशात लिहिलेल्या कारणांवरच होते, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत. उणीव असलेला मूळ आदेश तसाच्या तसा कोर्टासमोर जाण्यात तुमचा फायदा आहे.

पुढचे पाऊल माहिती अधिकाराचे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘माझा परवाना का रद्द केला?’ असे विचारले तर ‘अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येते. कागद मागा: अमुक क्रमांकाच्या नस्तीतील सर्व टिपण्या व पत्रव्यवहाराच्या पृष्ठक्रमांकासह प्रती, त्या तारखांच्या आवक-जावक नोंदवहीची पाने, सुनावणीचा रोजनामा, स्थळपाहणी अहवाल. सोबत नस्ती प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही करा. उत्तराची मुदत ३० दिवस, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. पण कोर्टाची मुदत याच्यासाठी थांबत नाही, हे लक्षात ठेवा. नस्ती हाती येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा वेळेत दावा दाखल करून ‘मूळ नस्ती कोर्टात हजर करावी’ अशी मागणी करणे कधीही चांगले.

नस्ती पाहताना तारखांवर नजर ठेवा. सुनावणी १२ तारखेला झाली आणि टिपणीवर ‘रद्द करण्यास मान्यता’ अशी सही १० तारखेची असेल, तर सुनावणी नावापुरती होती हे एका ओळीत सिद्ध होते. पृष्ठक्रमांक खोडून बदललेले, मध्येच वेगळ्या शाईतला शेरा, खालच्या कर्मचाऱ्याच्या अनुकूल अहवालानंतर अचानक उलटलेले मत, या सगळ्याची पानवार नोंद करा. तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या कुणाला परवानगी दिली असेल तर त्याचेही कागद मागा. संविधानाच्या अनुच्छेद १४ खालचा भेदभावाचा मुद्दा त्यावर उभा राहतो. मात्र दुसऱ्याला मिळालेला लाभ मुळातच बेकायदा असेल, तर ‘मलाही तसाच द्या’ असे म्हणता येत नाही.

मोबाइलवरचे रेकॉर्डिंग किंवा संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय संकेतांक, नोंदवावे लागते. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका, क्लिप कापून छोटी करू नका. पोलीस ठाण्यात काही घडले असेल तर सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. ठाण्यांमधले चित्रीकरण १८ महिने साठवावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात दिले आहेत. अर्जात त्याचा उल्लेख करा, तारीख आणि वेळेचा टप्पा लिहा. लेखी मागणी असूनही चित्रीकरण ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर तेही पुढे तुमच्याच बाजूने उपयोगी पडते.

कोणते दार ठोठवायचे

आदेश रद्द व्हावा एवढीच गरज असेल तर आधी त्या कायद्यातले अपील पाहा. महसुली आदेश असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील होते. जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर मुदत ६० दिवस, इतर बाबतीत ९०. सरकारी कर्मचाऱ्याची बदली, निलंबन किंवा ज्येष्ठता यांचा वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातच न्यावा लागतो. तिथे सर्वसाधारण मुदत एक वर्षाची.

अपिलाची सोय असताना थेट उच्च न्यायालयात गेलात तर ‘पर्यायी मार्ग उपलब्ध आहे’ म्हणून याचिका परत येते. याला अपवाद आहेत आणि ते १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात नीट मांडले आहेत: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारकक्षेबाहेरचा आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. तुमचे प्रकरण यांपैकी कशात बसते ते याचिकेच्या सुरुवातीच्या पानांतच लिहा. हा परिच्छेद नसल्यामुळे पहिल्याच तारखेला बाहेर पडलेल्या याचिका कमी नाहीत.

अधिकारी निर्णयच घेत नसेल, नुसता बसून असेल, तर उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेच्या आधी दप्तर दिरंगाईचा कायदा वापरा. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यातील कलम १० प्रमाणे साधारणपणे कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. या कलमाचा हवाला देऊन एक स्मरणपत्र द्या आणि पंधरा दिवस थांबा. त्यानंतर ‘निर्णय घ्या’ एवढाच परमादेश (अधिकाऱ्याने काय करावे याचा कोर्टाचा हुकूम) मागणारी याचिका बहुधा लवकर निकाली निघते.

रिट याचिका

संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालच्या याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण उशीर झाला की कोर्ट कारण विचारते. सहा महिन्यांहून जास्त गेले असतील तर प्रत्येक महिन्याचा हिशेब द्या. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज मुंबईखेरीज नागपूर, औरंगाबाद आणि गोव्यात चालते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे तिथे जातात.

पहिल्या दोन पानांत तारीखवार घटनाक्रम द्या. एका ओळीत एक तारीख, एक घटना आणि पुढे निशाणीचे, म्हणजे जोडलेल्या कागदाचे, पान. विशेषणे गाळा. ‘मुजोर अधिकाऱ्याने’ असे लिहिण्यापेक्षा ‘नोटीस ३ तारखेला दुपारी चारला चिकटवली, पाडकाम ४ तारखेला सकाळी सातला सुरू झाले’ ही ओळ कितीतरी जास्त सांगते. पाडकामाच्या प्रकरणात १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जरूर जोडा. किमान १५ दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी, कारणांसह अंतिम आदेश आणि पाडकामाचे चित्रीकरण त्यात सक्तीचे केले आहे. निर्देश मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून त्याच्या स्वतःच्या पैशांतून नुकसान भरून घेण्याची तरतूदही आहे. सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशयाला लागून असलेली अनधिकृत बांधकामे, तसेच कोर्टाच्या आदेशाने होणारी पाडकामे यांना मात्र हे संरक्षण लागू नाही.

दुर्भावनेचा आरोप करायचाच असेल तर दोन गोष्टींत चूक करू नका. एक, त्या अधिकाऱ्याला पदनामाने आणि शिवाय नावाने, असे दोन वेगळे प्रतिवादी करा. नावाने पक्षकार केले नाही तर त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय आरोपाचा विचार होत नाही आणि मुद्दा तिथेच गळतो. दोन, तपशील द्या: वैर कशावरून, केव्हापासून, कोणत्या प्रसंगात काय बोलले गेले, ते कुणी ऐकले. प्रताप सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा १९६३ चा निकाल या बाबतीत वाचण्यासारखा आहे. एका सिव्हिल सर्जनची रजा रद्द करून त्यांना निलंबित केले होते आणि चौकशी लावली होती. आरोप थेट मुख्यमंत्र्यांवर होता, पुराव्यात ध्वनिमुद्रित संभाषणे होती, आणि मुख्यमंत्र्यांनी स्वतः शपथेवर इन्कार केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते आदेश रद्द केले. यातून हातात घेण्यासारखी युक्ती ही: प्रतिवादीचे उत्तर आले की त्यावर सही कुणाची आहे ते पाहा. आरोप साहेबांवर आणि प्रतिज्ञापत्र अवर सचिवाचे असेल, तर प्रत्युत्तरात त्यावर बोट ठेवा.

मागण्या नेमक्या क्रमाने लिहा. आदेश रद्द करणे, त्याऐवजी काय करावे याचा परमादेश, तोवर स्थगिती, मूळ नस्ती सादर करणे, खर्च. पाडकाम किंवा जप्ती तोंडावर असेल तर सरकारी वकिलांच्या कार्यालयात प्रत आधीच पोहोचवा, पोच घ्या आणि तातडीच्या सर्क्युलेशनसाठी, म्हणजे प्रकरण लगेच सुनावणीला लागावे म्हणून, प्रिसिपी (छोटा विनंती-अर्ज) दाखल करा. दुसरी बाजू हजर असेल तर स्थगितीचा विचार त्याच दिवशी होऊ शकतो. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे आणि अस्पष्ट पानांच्या टंकलिखित प्रती आधीच जोडा. नाही तर कार्यालयीन हरकतींत आठवडे जातात.

फौजदारी मार्ग

इथे भारतीय न्याय संहितेतली कलमे नीट निवडावी लागतात. कलम १९८, म्हणजे इजा पोहोचवण्याच्या हेतूने कायद्याचा निर्देश मोडणे, याला शिक्षा एक वर्षापर्यंत. हा अदखलपात्र गुन्हा असल्याने पोलीस थेट एफआयआर नोंदवत नाहीत. खोटा दस्तऐवज बनवण्याचे कलम २०१ आणि कुणाला वाचवण्यासाठी किंवा नुकसान पोहोचवण्यासाठी खोटा अभिलेख करण्याचे कलम २५६, ही तीन वर्षांपर्यंत शिक्षेची आणि दखलपात्र आहेत. पंचनाम्याची तारीख मागची टाकली असेल, तर १९८ पेक्षा ही कलमे जास्त धरून ठेवतात. मुदतही याच शिक्षेवरून ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ५१४ प्रमाणे एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल एका वर्षाच्या आतच घेता येते, तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याची तीन वर्षांत. अर्ज-विनंत्यांत वर्ष गेले की १९८ हातचे जाते.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, मग शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. लोकसेवकाविरुद्धच्या अशा अर्जावर याच संहितेच्या कलम १७५(४) प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे विचारात घेतले जाते. खासगी फिर्याद केली तरी कलम २२३ खाली त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. म्हणजे पहिल्या दिवसापासून समोरच्याला तुमचे कागद दिसणार, हे धरूनच पुराव्याच्या प्रती सुरक्षित करा.

सर्वांत जास्त फिर्यादी अडतात त्या याच संहितेच्या कलम २१८ खालच्या, लोकसेवकावर खटला चालवण्याच्या मंजुरीवर, जुन्या संहितेतले कलम १९७. ही मंजुरी सरसकट सगळ्यांसाठी लागत नाही. ज्याला पदावरून दूर करण्यासाठी सरकारचीच मंजुरी लागते, त्यालाच हे संरक्षण आहे. शिवाय कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असावा लागतो. छापा घालताना दार तोडणे हे कर्तव्याशी जोडता येईल, घरातली रोकड खिशात घालणे नाही. मंजुरी लागत असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार, पुरावे आणि घटनाक्रमासह प्रस्ताव द्या व पोच जपा. १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी दिली असे मानण्याची तरतूद नव्या संहितेत आली आहे. मंजुरी मिळवण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो.

लाचेचा भाग असेल तर रस्ता वेगळा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातला ‘पदाचा गैरवापर करून फायदा मिळवून दिला’ हा जुन्या कलम १३ मधला गुन्हा २०१८ च्या दुरुस्तीने वगळला आहे. जुन्या निकालांवर विसंबून तसा मसुदा करू नका. लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. रंगेहाथ पकडण्याच्या सापळ्याला याच कायद्याच्या कलम १७अ ची, चौकशीआधीची, पूर्वपरवानगी लागत नाही. जबरदस्तीने लाच द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करा. तेवढ्यात केली तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही.

नुकसानभरपाई

कोठडीतला छळ किंवा मृत्यू अशा उघड प्रकरणांत रिटमध्येच भरपाई मिळते. १९९३ साली नीलाबती बेहेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये दिले होते. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात त्रास देणाऱ्या अधिकाऱ्यांकडूनच रक्कम वसूल करण्याचे निर्देश झाले. पण वस्तुस्थिती वादग्रस्त असेल तर दिवाणी दावाच करावा लागतो. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीत तुमचे नाव-पत्ता, दाव्याचे कारण आणि मागणी हवी. राज्य सरकारसाठी ती सचिव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्या, अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र त्याच्या कार्यालयात.

मुदती इथे फार आखूड आहेत आणि इथेच सर्वाधिक घात होतो. बेकायदा अटकावाचा किंवा हेतुपुरस्सर खोट्या खटल्याचा दावा एका वर्षात. पोलिसांविरुद्धच्या दाव्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१ आडवे येते, त्यात सहा महिने. महापालिकांविरुद्ध महापालिका अधिनियमाचे कलम ४८७, मुंबईत ५२७: एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांत दावा. कोणते कलम लागू होते यावर वाद असला तरी तुम्ही सर्वांत लहान मुदत धरूनच चाला.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००. जाताना आदेशाची प्रत, घटनाक्रमाचे पान आणि कोणती मुदत कधी संपते याची नोंद, एवढे तीन कागद वरच ठेवा.